राजांची रांग आणि रिकामं सिंहासन

आजचा विषय पोलंडच्या राजांचा. आपल्याकडं पोलंड म्हटलं की कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी आठवते. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात काही हजार पोलिश निर्वासित तिथं राहिले, आणि पश्चिम महाराष्ट्रात पोलंडची जी काही ओळख आहे ती मुख्यतः त्यामुळं. पण त्या लोकांच्या देशाला राजे होते, घराणी होती आणि ती एका अगदी वेगळ्याच पद्धतीनं चालायची, हे आपल्या फारसं वाचण्यात येत नाही. एक सूचना आधीच देतो. ही नावं जिभेवर बसायला वेळ लागतो. म्येश्को, वोक्येतेक, यागेव्वो. मी जमेल तसं म्हणतो, तुम्ही जमेल तसं ऐका.

मी इतिहासाचा नाही, तत्त्वज्ञानाचा माणूस. त्यामुळं सगळ्या राजांची जंत्री वाचून दाखवणार नाही. त्याऐवजी एका चित्रमालिकेची समीक्षा करणार आहे. पोलंडमध्ये शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकानं ती कुठं ना कुठं पाहिलेली असते. यान मातेय्को हा एकोणिसाव्या शतकातला क्राकोवचा चित्रकार. जन्म १८३८, मृत्यू १८९३. आयुष्याच्या शेवटी, १८९० ते १८९२ या काळात, त्यानं पोलंडच्या राजांची आणि राजपुत्रांची ४४ रेखाचित्रं पेन्सिलीनं काढली. मागणी व्हिएन्नाच्या एका प्रकाशकाची होती. सुरुवात म्येश्कोपासून, म्हणजे ९६६ साली ज्यानं बाप्तिस्मा घेतला त्या पहिल्या ज्ञात राजापासून, आणि शेवट स्तानिस्वाफ आउगुस्त पोन्यातोव्स्कीवर, ज्यानं १७९५ साली राज्यत्याग केला. मूळ चित्रं आज व्रोत्स्वाफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पुढं त्यांच्या रंगीत आवृत्त्या निघाल्या, पाठ्यपुस्तकांत गेल्या, पोस्टकार्डांवर गेल्या. आज सर्वसाधारण पोलिश माणसाच्या डोळ्यांपुढं म्येश्को उभा राहतो तो मातेय्कोचाच.

आता आधी चांगलं बोलू, कारण माणूस मोठा होता. नुसत्या कल्पनेवर काम करणारा हा चित्रकार नव्हे. तरुणपणी, १८६० साली, त्यानं जुन्या पोलंडच्या वेशभूषेवर एक चित्रसंग्रह काढला होता. कुठल्या शतकात कुठला झगा, कुठली टोपी, कुठला पट्टा, हे त्याला तोंडपाठ. आणि एक विलक्षण गोष्ट त्याच्या बाबतीत घडली. १८६९ साली वावेलच्या कॅथेड्रलमध्ये दुरुस्तीचं काम सुरू असताना काझीमेझ द ग्रेट या राजाची कबर अचानक उघडी पडली. चौदाव्या शतकातला राजा, १३७० साली गेलेला. पाचशे वर्षांनी त्याची हाडं, राजमुकुट, राजदंड समोर आले. मातेय्को तिथं गेला आणि त्यानं अवशेषांची चित्रं काढून ठेवली. म्हणजे ४४ पैकी किमान या एका राजाच्या बाबतीत चित्रकाराच्या हातात काहीतरी ठोस पुरावा होता.

पण म्येश्कोच्या बाबतीत? काहीही नाही. दहाव्या शतकातल्या त्या माणसाचा चेहरा कसा होता हे कुणालाच माहीत नाही. तरी तोही त्याच पेन्सिलीनं, त्याच ठामपणानं, त्याच सुरकुत्यांसकट उतरलाय. माझी पहिली तक्रार ही. जिथं माहिती आहे आणि जिथं नाही, तिथं रेषा सारखीच. ज्ञानमीमांसेच्या वर्गात मी मुलांना सांगायचो की खात्री आणि सत्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इथं त्यांची गल्लत कशी होते हे उघड दिसतं. अर्थात हा काही मोठा गुन्हा नव्हे. चित्रकाराला चेहरा काढावाच लागतो, कोरी जागा सोडून भागत नाही.

मोठी तक्रार वेगळीच आहे, आणि ती रांगेबद्दल आहे.

रांग लावली की ‘यानंतर हा, त्यानंतर तो’ असं वाटायला लागतं. जणू एक अखंड साखळी. पोलंडच्या इतिहासात ही साखळी कितीदा तुटली ते बघा. पहिलं घराणं पियास्त. म्येश्कोचा मुलगा बोलेस्वाफ ख्रोब्री १०२५ साली राज्याभिषेक करून घेतो आणि त्याच वर्षी मरतो. पुढं ११३८ साली आणखी एक बोलेस्वाफ, ‘वाकड्या तोंडाचा’ हे त्याचं इतिहासातलं अधिकृत टोपणनाव, मुलांमध्ये राज्य वाटून देतो. हेतू चांगला, भावाभावांत भांडण नको. थोरल्यानं क्राकोव सांभाळायचं, बाकीच्यांनी आपापले प्रांत. वाटणीनं भांडण मिटतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढची जवळजवळ दोनशे वर्षं वाचावीत. १३२० साली वोक्येतेकचा, म्हणजे ‘हातभर उंचीच्या’ व्वाजिस्वाफचा, वावेलवर राज्याभिषेक होईपर्यंत तुकडेच तुकडे. मधेच एक चेक राजा येऊन मुकुट घालून जातो. हे सगळे राजपुत्र मातेय्कोच्या मालिकेत एकापाठोपाठ एक येतात, पण वस्तुस्थितीत त्यातले कितीतरी जण एकाच वेळी, एकमेकांच्या शेजारी, एकमेकांच्या विरुद्ध राज्य करत होते. जे आडवं होतं ते त्यानं उभं करून ठेवलं. हा काळ मी इथंच सोडतो, कारण खरी गंमत पुढं आहे.

काझीमेझ द ग्रेट, ज्याची कबर उघडली तो. क्राकोवचं विद्यापीठ त्यानं १३६४ साली स्थापन केलं. कर्तबगार राजा, पण औरस मुलगा नाही. गादी गेली भाच्याकडं, हंगेरीच्या लुईकडं. आता लुईलाही मुलगा नाही, मुलीच. मग १३७४ साली कोशित्से इथं एक करार झाला. लुई सरदारांना म्हणाला, माझ्या एका मुलीला गादीवर मान्य करा. सरदार म्हणाले, आमचा जमिनीचा कर कमी करा. कर उतरला, मुलगी मान्य झाली. इथं थांबून विचार करा. गादीचा हक्क रक्तातून येतो असं युरोपभर मानत असताना इथं तो करारातून येतोय, आणि कराराला किंमत आहे. हा धागा धरून ठेवा.

ती मुलगी म्हणजे यादविगा. १६ ऑक्टोबर १३८४ला तिचा राज्याभिषेक झाला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. आणि अभिषेक झाला तो राणी म्हणून नव्हे, राजा म्हणून. लॅटिनमधला पुल्लिंगी शब्दच वापरला गेला. राणी म्हणजे राजाची बायको. आणि ही कुणाची बायको म्हणून गादीवर येत नव्हती. राज्याला राजा हवा होता, तर या मुलीला राजा केलं. शब्द पदाचा, शरीर मुलीचं.

या ठिकाणी मला एका पुस्तकाची आठवण होते. एर्न्स्ट कांटोरोविच यांचं ‘द किंग्ज टू बॉडीज’, १९५७ साली आलेलं. राजाला दोन देह असतात, एक हाडामांसाचा मरणारा आणि एक राज्याचा न मरणारा, ही मध्ययुगीन कल्पना त्यांनी उलगडली. पुस्तकाचा भर इंग्लंडवर आणि पश्चिम युरोपवर आहे. कांटोरोविच स्वतः जन्मले पोझनानमध्ये, म्हणजे जिथून पियास्तांचं राज्य सुरू झालं त्याच मुलखात, तेव्हा तो जर्मन साम्राज्यात होता. पोलंडमध्ये चौदाव्या शतकातच ‘पोलंडच्या राज्याचा मुकुट’ ही कल्पना राजाच्या व्यक्तीपासून सुटी होत गेली होती. राजा मुकुटाचा मालक नाही. राजा येतो जातो, मुकुट राहतो. मातेय्कोच्या मालिकेत ही कल्पना कुठं काढायची? तिला नाक-डोळे नाहीत. यादविगा त्यानं काढली, पण त्या एका पुल्लिंगी शब्दात जी क्रांती आहे ती चेहऱ्यात येणार नाही.

यादविगाचं लग्न लिथुआनियाच्या यागेव्वोशी लावलं. त्यानं १३८६ साली बाप्तिस्मा घेतला, लग्न केलं, मुकुट घातला, सगळं काही आठवड्यांत. १३९९ साली यादविगा गेली, वयाच्या पंचविशीत. तिनं आपले दागिने विद्यापीठासाठी ठेवले आणि त्यातून क्राकोवचं मोडकळीला आलेलं विद्यापीठ पुन्हा उभं राहिलं. (१९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिलं.) यागेव्वो पुढं पस्तीस वर्षं राज्य करत राहिला, १४१०च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत त्यानं ट्यूटॉनिक सरदारांचं कंबरडं मोडलं, पण त्याच्या मनातली भीती वेगळी होती. बायको गेली, तिच्या रक्ताचा वारस नाही, मग माझ्या मुलांना गादी कशाच्या आधारावर? सरदारांनी आधी मान्यतेचा दस्तऐवज केला. राजा त्यांच्या अटी मान्य करेना. तर १४२६ साली लेंचित्सा इथल्या सभेत त्यांनी तो दस्तऐवज राजाच्या देखत तलवारींनी कापून टाकला! ग्रुनवाल्डचा विजेता समोर बसलाय आणि त्याच्या मुलांचा हक्क तलवारीखाली फाटतोय. शेवटी राजाला अटी मान्य कराव्या लागल्या, आणि त्यातली एक अट अशी की कायद्यानं दोष ठरल्याशिवाय कुठल्याही सरदाराला अटक करता येणार नाही. घराणं टिकवण्याची किंमत म्हणून राजानं नागरिकाचं, सरदार-नागरिकाचं म्हणू, स्वातंत्र्य लिहून दिलं.

म्हणून मी म्हणतो, या चित्रांमधल्या मोकळ्या जागा चित्रांपेक्षा महत्त्वाच्या आहेत. एक राजा जातो आणि दुसरा येतो, त्या मधल्या फटीत पोलंडचे कायदे जन्माला आलेत.

सगळ्यात मोठी फट १५७२ची. झिगमुंट आउगुस्त, यागेव्वो घराण्यातला शेवटचा पुरुष, ७ जुलैला मेला. तिसरी बायको झाली तरी मूल नाही. तीनच वर्षांपूर्वी, १५६९ साली, लुब्लिनला पोलंड आणि लिथुआनिया यांचं एक राज्य झालेलं. एवढं अवाढव्य राज्य आणि सिंहासन रिकामं. बाहेर युरोपात काय चाललं होतं? त्याच १५७२च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. पोलंडमध्ये कॅथलिक, लुथरन, कॅल्विनपंथी, ऑर्थोडॉक्स सगळे होते. भडका उडायला सगळं सरपण तयार. आणि राजा नसताना, म्हणजे वरून हुकूम देणारा कुणीच नसताना, या लोकांनी २८ जानेवारी १५७३ला वॉर्सात एकत्र येऊन लिहून दिलं की धर्माच्या कारणावरून आम्ही एकमेकांचं रक्त सांडणार नाही. मग वॉर्साजवळच्या मैदानात हजारोंनी सरदार जमले आणि त्यांनी राजा निवडला.

निवडलं कुणाला? फ्रान्सच्या राजाच्या भावाला, हेन्रीला. ज्या दरबारात ती कत्तल शिजली त्याच दरबारातला. त्याच्यापुढं अटी ठेवल्या. धार्मिक शांतता पाळायची. दर दोन वर्षांनी सेयम, म्हणजे त्यांची संसद, बोलवायची. राज्य वारशानं द्यायचं नाही. आणि राजानं शब्द मोडला तर प्रजा आज्ञापालनातून मोकळी. धर्माच्या कलमावर हेन्री अडखळला, तेव्हा पोलिश दूतांनी त्याला स्वच्छ सांगितलं की शपथ नाही तर राज्य नाही. शपथ झाली. १५७४च्या फेब्रुवारीत राज्याभिषेक झाला. जूनमध्ये बातमी आली की फ्रान्सचा राजा, याचा भाऊ, वारला. आणि आपला हा निवडलेला राजा रात्रीतून वावेलच्या किल्ल्यातून पळून गेला! पॅरिसची गादी वारशाची, ती कुणी निवडायची नाही, आणि तिथं अटीही नाहीत. त्याच्या बाजूनं बघितलं तर निर्णय समजण्यासारखा आहे.

पुन्हा सिंहासन रिकामं. राज्य मोडलं का? नाही. पुन्हा निवडणूक झाली आणि डिसेंबर १५७५ मध्ये आन्ना यागेव्वोन्का, मेलेल्या राजाची बावन्न वर्षांची अविवाहित बहीण, तिला सरदारांनी निवडलं. पुन्हा राजा म्हणूनच! नवरा म्हणून ट्रान्सिल्व्हेनियाचा स्टेफान बातोरी दिला, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आणि हा बातोरी पोलंडच्या चांगल्या राजांपैकी एक निघाला.

आता रूढ मत काय आहे? की राजा निवडण्याच्या या खुळापायी पोलंड बुडाला. घराणं असतं तर देश राहिला असता. मातेय्कोची रांगही नकळत तेच सुचवते. पियास्त आणि यागेव्वो भारदस्त, मग उतरती कळा. आणि हे आजही चालू आहे. पोलंडच्या सध्याच्या नोटा बघा. दहा झ्वॉटीवर म्येश्को, वीसवर ख्रोब्री, पन्नासवर काझीमेझ, शंभरवर यागेव्वो, दोनशेवर पहिला झिगमुंट. १५७२ नंतरच्या मोकळ्या निवडणुकांतून आलेला एकही राजा नाही. २०१७ साली पाचशेची नोट आली तेव्हा कुठं सोबिएस्कीचा नंबर लागला. दोन शतकं एक राष्ट्र आपले राजे मत देऊन निवडत होतं आणि त्याच्या पाकिटात मात्र घराणी.

मला हे मत पटत नाही. सोबिएस्कीला निवडलं होतं, आणि १६८३ साली व्हिएन्नाचा वेढा उठवण्यात तो पुढं होता. उलट घराण्यांनी काय दिव्य केलं? वाझा घराण्याचा तिसरा झिगमुंट स्वीडनच्या आपल्या वारशाच्या हक्कासाठी पोलंडला ज्या लढायांत ओढत राहिला, ते वारशाचंच खूळ होतं. आणि शेवटच्या निवडणुका बघा. १७३३ साली बहुसंख्य सरदारांनी स्तानिस्वाफ लेश्चिन्स्कीला निवडलं. रशियन आणि सॅक्सन फौजा आल्या आणि गादीवर तिसरा आउगुस्त बसला. १७६४ साली पोन्यातोव्स्की निवडून आला तेव्हाही रशियन सैन्य देशात होतं. मतपेटीभोवती परक्याची फौज उभी असेल तर दोष मतपेटीचा कसा?

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी सरदारांचा वकील व्हायचो. १६५२ साली एका प्रतिनिधीच्या नकारानं अख्खं सेयम मोडलं आणि तो पायंडा पडला. एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा निर्णय रद्द. याला ते स्वातंत्र्य म्हणायचे. त्याहून मोठी गोष्ट अशी की हे सगळे ‘नागरिक’ म्हणजे लोकसंख्येचा फार तर दहावा हिस्सा. शेतावर वेठ राबणारा कुणबी या करारात कुठंच नाही. मातेय्कोच्या ४४ चित्रांत तो नाही हे उघडच आहे, पण मी ज्या मोकळ्या जागांचं एवढं कौतुक केलं तिथंही तो नाही.

मातेय्कोला हे कळत नव्हतं? मला वाटतं, चांगलं कळत होतं. १८६२ साली, चोविसाव्या वर्षी, त्यानं स्तान्चिक काढला. दरबारात नाच चाललाय, आणि राजाचा विदूषक एकटाच खुर्चीत सुन्न बसलाय, कारण स्मोलेन्स्क हातचं गेल्याची बातमी टेबलावर पडलीय. राजा चित्रात नाहीच! १८६६ साली रेयतान काढला. देशाच्या पहिल्या फाळणीला मान्यता देणाऱ्या सभेचं दार एक माणूस जमिनीवर पडून अडवतोय, आणि विकले गेलेले बडे सरदार त्याच्याकडं बघताहेत. पोलिश उमरावांना राग आला, आमचे आजे-पणजे चव्हाट्यावर मांडले म्हणून. आणि ते चित्र विकत कुणी घेतलं? ऑस्ट्रियाच्या सम्राटानं, म्हणजे फाळणीत वाटा घेणाऱ्यांच्याच वारसानं. तर हा तरुण मातेय्को प्रश्न विचारत होता. म्हातारा मातेय्को रांग लावून बसला. १८९० साली नकाशावर पोलंड नाही, तीन साम्राज्यांत विभागलेला देश, मुलांना दाखवायला निदान चेहरे तरी हवेत. त्याची ती गरज मी समजू शकतो. कलाकृती म्हणून मात्र मी स्तान्चिकच्या बाजूनं आहे.

रांग लावणारा तो पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. शेवटचा राजा पोन्यातोव्स्की, ज्याच्या घरात कधी कुणी राजा नव्हता आणि जो कॅथरीनचा एकेकाळचा प्रियकर म्हणून तिच्या जोरावर गादीवर आला, त्यानं वॉर्साच्या राजवाड्यात एक संगमरवरी दालन सजवलं. त्यात बाच्चारेल्ली या इटालियन चित्रकाराकडून पोलंडच्या २२ राजांची चित्रं करवून घेतली, आणि सोबत स्वतःचं पूर्णाकृती चित्र, राज्याभिषेकाच्या पोशाखात. पूर्वज नव्हते, तर पदाचे पूर्वज भिंतीवर लावले. याला कुणी नाटक म्हणेल. मला ते मातेय्कोपेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण ती रांग रक्ताची असल्याचा दावाच करत नाही. ती खुर्चीची रांग आहे.

याच काळात, १७७१-७२च्या सुमारास, रूसोनं पोलंडच्या शासनव्यवस्थेवर एक पुस्तिका लिहिली. एकदाही पोलंडला न जाता, अर्थात. आम्हा तत्त्वज्ञांची ही जुनी खोड. त्यात तो बजावतो की काही झालं तरी गादी वारशाची करू नका. आजन्म सिनेटरांमधून चिठ्ठ्या टाकून तीन नावं काढा आणि त्यातला एक निवडा. बापामागून मुलगा नको. पण प्रत्यक्ष पोलंडनं ३ मे १७९१च्या संविधानात काय केलं? गादी वारशाची केली. परक्या फौजांना दर निवडणुकीला दार उघडं राहू नये म्हणून. पण त्यांचं शब्दयोजन बघा: सिंहासन निवडीचंच राहील, फक्त निवड माणसाची नाही, घराण्याची. इतकी शतकं जो धागा धरला होता तो त्यांनी शेवटच्या क्षणीही पूर्ण सोडला नाही. रूसो बरोबर की हे? सिद्धांत म्हणून मी रूसोच्या बाजूचा. पण दारात रशियाची फौज उभी असणाऱ्याला पॅरिसमधून सल्ला देणं सोपं असतं. ज्या सॅक्सन घराण्याला गादी देऊ केली त्यानं ती पक्की स्वीकारलीच नाही, आणि चारच वर्षांत देश उरला नाही.

पोन्यातोव्स्की १७९८ साली पीटर्सबर्गला वारला. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये पुरला. १९३८ साली ते चर्च पाडायचं ठरलं तेव्हा सोव्हिएत सरकारनं शवपेटी पोलंडला परत दिली. तेव्हाच्या पोलिश सरकारनं ती वावेलला नेली नाही. गाजावाजा न करता त्याच्या जन्मगावी, वोवचिनच्या चर्चमध्ये ठेवून दिली. युद्धानंतर सरहद्द सरकली आणि ते गाव पोलंडबाहेर गेलं. १९९५ साली, जे काही अवशेष मिळाले ते, वॉर्साच्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये आणून ठेवले.

आता प्रश्न घेऊ. नावांचे उच्चार सोडून काहीही विचारा.